पडला तर टिकेल का?

'पाइप दुरुस्ती' अशी पाटी मी दुकानावर लावली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते विहिरीवरच्या इंजिनाचा फुटका पाइप खांद्यावर टाकून. "बिगीबिगी जोडून द्या, मळा वाळाया लागलाय," म्हणाला. मी त्याला समजावलं की बाबा, हे तोंडात धरायच्या पाइपचं दुकान आहे, तंबाखूच्या. त्यानं माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "मंग तसं लिव्हा की वर!" असं म्हणून तरातरा निघून गेला. मी पाटीवर 'तंबाखूच्या' हा शब्द वाढवला, तर लोक पुडी मागायला यायला लागले. शेवटी वैतागून पाटीच उतरवली. ज्याला गरज होती तो विचारत विचारत येतच होता.

संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, तशी माणसं आता राहिली नाहीत. राहतील कशी? पाइप ओढणारेच गेले. आम्ही जातीचे कातारी, म्हणजे लाकूड फिरवून गोल करणारे. वडील चिंचवड गावात बाजेचे खूर आणि पोरांचे भोवरे करायचे. पन्नासच्या सुमाराला आमच्या आसपास एकेक कारखाना उभा राहू लागला, परगावचे इंजिनिअर आले, देहूरोडला लष्करातले लोक होतेच. साहेब झाल्याची पहिली खूण टाय आणि दुसरी पाइप. टाय शिंपी बघायचा, पाइप माझ्याकडे यायचा. वडिलांना हे थेर वाटायचं. "विडी वढा म्हणावं, मोडली तर टाकून देता येती," असं ते लेथवरून मान वर न करता म्हणायचे.

ज्यांनी पाइप हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तंबाखू भरायची ती वाटी, तिला जोडलेली लाकडी मान, आणि मानेत घट्ट बसवलेली तोंडात धरायची नळी. चांगली वाटी ब्रायरची. ब्रायर हे साधं लाकूड नव्हे, परदेशातल्या एका झुडपाच्या मुळाशी धरलेली गाठ असते, आणि ती सहसा जळत नाही. मी बाभूळ, शिसव, चिंच सगळं करून पाहिलं. बाभूळ तडकते, शिसवीची चव कडवट उतरते, चिंच बरी पण जड. नळीसाठी म्हशीचं शिंग घेतलं तर थुंकीनं त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून पुण्याच्या कॅम्पातून कडक रबराच्या कांड्या आणायचो. वापरता वापरता वाटीच्या आत काजळीचा थर बसतो आणि तो थरच लाकडाला वाचवतो. हे एका हिशेबनिसाच्या बायकोला ठाऊक नव्हतं. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा तिनं नवऱ्याचा पाइप राख आणि काथ्यानं पितळेच्या भांड्यासारखा आतून घासला, वर उन्हात वाळवला. नवरा माझ्या दुकानात येऊन बसला तो रडायचाच बाकी. "इतकी खूश झालीय हो ती," म्हणाला, "तिला सांगू कसं?" त्यानं कधीच सांगितलं नाही. मी आतून शिसवीचं अस्तर बसवून दिलं आणि तो कडवट धूर बिचारा गोड मानून ओढत राहिला.

पण लिहायला बसलो ते अण्णांसाठी.

अण्णा खानविलकर मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्याकडच्या एका काचकारखान्यात ते काच फुंकायचे. प्रयोगशाळेत लागतात त्या नळ्या, चंबू, आतून वेटोळं गेलेली नळकांडी, हे सगळं ते गॅसच्या ज्योतीवर हातानं करत. काचेची नळी दोन्ही हातांनी ज्योतीत फिरवायची, मऊ झाली की तोंडानं फुंकायचं. दोन हात एका लयीत फिरले नाहीत तर काच लोंबते, नाहीतर पीळ पडतो. कारखान्यात ते वेटोळं करणारे अण्णा एकटेच, म्हणून त्यांना कंपनीची खोली होती. आणि कंपनीची खोली म्हणजे काय ते त्या काळातल्या माणसाला सांगायला नको. नोकरी गेली की बोचकं घेऊन रस्त्यावर.

युद्ध संपून गोरे सोजीर गेले तेव्हा त्यांचं सामान देहूरोडच्या बाजारात ढिगानं आलं होतं. त्यातून अण्णांनी एकेक करून पाइप जमवले. खोलीच्या भिंतीवर फळी, फळीला भोकं, आणि भोकाभोकांत पाइप. वहिनी म्हणायच्या, "देव्हारा कोनाड्यात नि हे भिंतभर!" अण्णा हसायचे आणि रोज संध्याकाळी फडक्यानं पुसायचे.

तर हे अण्णा एकाएकी माझ्याकडे फार येऊ लागले. आज मान तुटलेला, पुढच्या आठवड्यात काठ फुटलेला. मी मानेला चांदीचं कडं बसवून द्यायचो, कधी नळी नवी करायचो. पाइप कसा मोडला हे आम्हाला बघून कळतं. कोणी टाचेवर आपटून राख झाडतो, त्याच्या वाटीचा काठ एका बाजूनं झिजतो. कोणी गरम असतानाच नळी उपसतो, त्याची मान उभी चिरते. अण्णांचे सगळे पाइप पडून मोडलेले होते. जन्मभर काच सांभाळलेल्या माणसाच्या हातून एवढं पडावं कसं, हे मला कळेना. पण मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. "दिनकर, छाटणी करायची आहे. एवढा पसारा नको आता. टिकाऊ तेवढे ठेवायचे, बाकीचे ज्याला कदर असेल त्याला दे."

मी हरखलो. असं काम कोणाला नको असतं? सतरंजीवर सगळे पाइप मांडले आणि मी एकेकाचं कौतुक सुरू केलं. याचा धूर कसा थंड येतो, याच्या लाकडावर रेषा कशा सरळ उतरल्यात. अण्णांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. प्रत्येक पाइप पुढे केला की एकच प्रश्न.

"पडला तर टिकेल का?"

त्यांच्याकडे पांढऱ्या दगडाचा एक पाइप होता, ओढून ओढून मधाच्या रंगाचा झालेला. त्याच्यासाठी कोणीही जीव टाकला असता. मी म्हणालो, "हा फरशीवर पडला तर खडूसारखा फुटेल, पण अण्णा, हा तुम्ही कशाला पाडाल?"

"बाजूला ठेव," ते म्हणाले.

मातीचे गेले. लांब मानेचे सगळे गेले. मक्याच्या कणसाचा होता, तो पडून फुटत नाही पण लवकर जळून जातो, तो मात्र त्यांनी ठेवला. शेवटी मी माझ्या अकलेप्रमाणे सांगितलं, की आखूड, जाड मानेचा, वजनाला हलका ब्रायर घ्या. हलका असला की मार कमी बसतो. आणि नळीत थोडी ढील ठेवतो, म्हणजे पडला तर नळी सुटून येईल, मान मोडणार नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला, आणि घेताना मला दिसला. अंगठा बोटांवर फिरत होता, तंबाखू मळावी तसा. पण हातात तंबाखू नव्हती.

मी बघितलं हे त्यांनी बघितलं. वहिनी आत चुलीपाशी होत्या.

"कोणाला सांगू नको हां," अण्णा हळूच म्हणाले. "तिलाही ठाऊक नाही अजून."

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. एकीकडे वाटायचं, आपल्याला काय करायचंय, गप्प बसावं. दुसरीकडे डोळ्यांपुढे ती ज्योत यायची. असला हात घेऊन हा माणूस गॅसच्या ज्योतीपुढे बसतो, उद्या वितळलेली काच अंगावर सांडली तर? शेजारी बसलेल्याच्या अंगावर सांडली तर? सांगावं तर अण्णा रस्त्यावर, न सांगावं तर न जाणो काय ऐकू येईल. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की माझ्या हातातली छिन्नी थांबायची.

आमच्या दुकानासमोर चऱ्होलीचा धोंडिबा गाडी सोडून बसायचा. बाजाराला माल आणायचा आणि बैलं चरेपर्यंत माझ्या ओट्यावर तंबाखू मळायचा. एकदा अण्णा नळी घट्ट करून घ्यायला आले आणि ओट्यावर त्याच्याजवळ टेकले. धोंडिबा त्यांच्या हाताकडे बघत राहिला, मग आपली चंची उघडून त्यानं त्यांच्या बोटांत एक चिमूट ठेवली.

"आमच्या म्हाताऱ्याचं बी असंच व्हायचं," तो म्हणाला. "हातात चिमूट ठिवा सायेब. लोकास्नी वाटंल तंबाखू मळतुया. कोन इचारतंय!"

आता तिघांना ठाऊक झालं होतं. पण अण्णा बोटांकडे बघत राहिले. चिमूट बोटांत फिरत होती, आणि खरंच, बघणाऱ्याला कसलीही शंका आली नसती.

तेव्हापासून अण्णांच्या खिशात चंची आली. भिंतभर पाइप बाळगणारा माणूस दिवसभर तंबाखू मळताना दिसू लागला. मळायची आणि टाकून द्यायची, कारण खाल्ली की त्यांना मळमळायचं. कारखान्यात चेष्टा सुरू झाली. "अण्णा, साहेबी सुटली वाटतं! आता चुना आम्हाला मागा," असं पोरं म्हणायची. अण्णा मान खाली घालून हसायचे. माझ्याकडे येऊन मात्र म्हणायचे, "हसूदेत मेल्यांना. हसतायत तोवर बरं आहे."

त्यांचे मॅनेजरसाहेबसुद्धा माझं गिऱ्हाईक. माणूस वाईट नव्हता, उलट फार सज्जन. एकच पाइप, पण जपून वापरलेला. एकदा नळी साफ करायला आले आणि खुर्चीत बसून सहज विचारल्यासारखं म्हणाले, "कातारी, खानविलकरांचे पाइप फार मोडतात म्हणे. का हो?"

मी पायानं चालवायच्या लेथवर होतो. पाय थांबवला नाही. थांबवला असता तर आवाजावरून कळलं असतं. "टाचेवर आपटतात साहेब. कितीदा सांगितलं."

"अस्सं. आणि हे तंबाखू मळणं? पाइप ओढणाऱ्या माणसाला शोभतं का ते?"

"कोकणातली सवय असेल साहेब," मी ठोकून दिलं. बरं झालं, साहेब विदर्भातले होते, कोकणात कोण किती तंबाखू मळतं हे त्यांना कुठलं ठाऊक!

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "दिल्लीहून मंडळी येणार आहेत काम बघायला. खानविलकरांना त्यांच्यासमोर वेटोळं करून दाखवायचंय. हात ठीक आहेत ना त्यांचे? तुमची बैठक असते म्हणून विचारतो. आणि माझा पाइप त्या दिवशी सकाळी तुम्हीच घेऊन या, जरा चमकवून."

मी 'हो साहेब' म्हणालो आणि संध्याकाळी धावत अण्णांकडे गेलो. ते आधीच ऐकून बसले होते. "जमत नाही म्हणा, आजारी पडा, गावाला जा," मी म्हणालो. अण्णा म्हणाले, "गावाला गेलो तर खोलीवर दुसरा येईल." मग म्हणाले, "दिनकर, एक सांगू? काम करताना हात थरथरत नाहीत रे. बसलो की थरथरतात. अजून तरी तसंच आहे."

माझा विश्वास बसला नाही. माणूस स्वतःची समजूत घालतो तसंच ते मला वाटलं.

त्या दिवशी सकाळी मी साहेबांचा पाइप फडक्यात गुंडाळून कारखान्यात गेलो. कोटवाली मंडळी अर्धगोल करून उभी होती. अण्णा ज्योतीसमोर बसले, चंची खिशात टाकली आणि नळी हातात घेतली. मी भिंतीला टेकून उभा. ज्योत निळी झाली, काच लाल झाली, आणि अण्णांचे हात फिरू लागले. काय सांगू! एक थरथर नाही. दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत हे पटावं असे फिरत होते. वेटोळ्यामागून वेटोळं सरकत गेलं. काच थंड झाली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाइपच्या फडक्याला पुसलं. खरं बोलत होते अण्णा. मी उगाच रात्री जागून काढल्या.

आणि मग चहा आला.

साहेबांनी स्वतः कपबशी उचलून अण्णांच्या हातात दिली. मानाचा चहा, नको कसं म्हणणार? चंची खिशात, दोन्ही हात अडकलेले, आणि काम संपलेलं. कप बशीवर वाजू लागला. आधी बारीक, मग असा की बोलणारी माणसं गप्प झाली. चहा बशीत, बशीतून शर्टावर. अण्णांनी कपबशी खाली ठेवायचा प्रयत्न केला, ठेवायला टेबल जवळ नव्हतं. शेवटी साहेबांनीच ती त्यांच्या हातून काढून घेतली. त्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं आणि मग भिंतीला टेकलेल्या माझ्याकडे.

मला वाटलं, संपलं. दोन दिवस मी दुकान उघडून नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी अण्णा आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

"बढती दिली," म्हणाले. आवाज असा, की जणू कोणी गेल्याची बातमी सांगावी. "खोली राहील. खुर्ची दिली रे मला. आता कामाला हात लावायचा नाही, शिकाऊ मुलांवर नुसतं लक्ष ठेवायचं."

"तुम्ही सांगितलं नाही साहेबांना?"

"सांगितलं ना. म्हटलं, साहेब, बसलो की थरथरतात, हाताला काम असलं की थांबतात, मला बसवू नका. तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'म्हणूनच तर म्हणतो खानविलकर, आता जरा बसा.'"

आता यात साहेबांचं तरी काय चुकलं सांगा. ज्योतीचं भय त्यांनाही होतंच की, मला होतं तसं. दुसरा कोणी असता तर घरी बसवलं असतं. यांनी पोट राखलं, खोली राखली. पण अण्णा दिवसभर त्या खुर्चीत बसायचे, समोर दुसऱ्याच्या हातात काच फिरायची, आणि यांचे हात टेबलावर सगळ्यांसमोर थरथरायचे. चंची त्यांनी धोंडिबाला देऊन टाकली. लपवायचं काही उरलंच नव्हतं. छाटणीतून ठेवलेले पाइपही हळूहळू बंद झाले. पेटवून बसलं की पाइप दातांवर वाजायचा. ते मला ऐकवत नसे आणि मी लेथ सुरू करायचो.

ते रविवारी येत राहिले. एकदा बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून मी हातातलं अर्धं घासलेलं लाटणं आणि काचकागद त्यांच्याकडे दिला. "जरा धरा अण्णा." परत आलो तर ते लाटणं घासत होते आणि हात शांत होते, त्या दिवशी ज्योतीपुढे होते तसे. त्यांना कळलं, मला कळलं. ते संपायच्या आत मी दुसरं लाटणं त्यांच्या मांडीपाशी सरकवून ठेवलं.

मग तोच रिवाज पडला. रविवारी मी लाटणी कातून तयार ठेवायचो, अण्णा घासत बसायचे आणि आम्ही गप्पा मारायचो. त्यांनी घासलेलं लाटणं हातातून निसटेल इतकं गुळगुळीत व्हायचं. गावातल्या बायका कुरकुरल्या, की याच्यावर पोळी फिरत नाही, घसरते. वडील म्हणाले, "एवढ्या लाटण्यांचं करायचं काय?" मी म्हणालो, "राहूदेत."

एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. एकट्या कधी आल्या नव्हत्या. दाराशीच उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमच्याकडे बसले की त्यांचे हात थांबतात म्हणे. खरं का हो?"

"खरं आहे वहिनी."

"घरी जेवण झालं की हातांवर पंचा टाकून बसतात. मला दिसू नये म्हणून. मी पण बघत नाही." मग म्हणाल्या, "थोडी लाटणी द्या मला."

मी उठून फळीवरची उत्तम निवडली, पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक उचललं, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"ही नकोत. खडबडीत द्या."

मी कातून टाकलेल्या लाटण्यांचा ढीग कोपऱ्यातून ओढून पुढे केला. वहिनी खाली बसल्या आणि एकेकावरून बोट फिरवून त्यातली सगळ्यात खडबडीत शोधू लागल्या.